न लावलेला अडसर

दादा,

या दोन हातांनी मी काय काय केलं ते आधी ऐकून घे. बैलगाड्या अकरा. त्यांतल्या नऊ अजून चालू आहेत. एक टोकावड्याच्या पुढे उतारावर उलटली ती गाडीवानाच्या चुकीनं, माझ्या आसाच्या नव्हे, आणि एक घेणाऱ्यानं तीन पावसाळे उघड्यावर ठेवून कुजवली. पाळणे सहा. भात साठवायच्या पेट्या चौदा, एकीतही आजवर उंदीर शिरलेला नाही. शाळेची बाकं बारा. धसईच्या एका भजनीबुवाच्या पेटीचा भाता फुटला होता, तो उघडून, समजून घेऊन पुन्हा बसवला. त्याआधी मी पेटीच्या आत कधी डोकावलोही नव्हतो. ओढ्यावरचा साकव. दर पावसाळ्यानंतर लोक त्यावर उभे राहून पाय आपटून बघतात आणि तो हलत नाही म्हणून जरा हिरमुसतात. आणि या घराच्या एकाच चौकटीला, एकापाठोपाठ एक, तीन दारं. नांगर, मुसळं, विळ्यांच्या मुठी मी मोजत नाही. यातलं काहीही मला कोणी शिकवलं नाही. आपण शेतकरी, आपल्या घरात कोणी सुताराचा वाकस हातात धरला नव्हता. तू केलीस ती वस्तू एक. शहापूरच्या लाकडाच्या वखारीत करवतीवर लागलास त्या वर्षी दिवाळीला आईसाठी आणलेला पाट. शिसवाचा आहे, लाकूड चांगलं आहे, पण मागचा डावा पाय दोन सूत आखूड. इंचाचे आठ भाग केले तर त्यातले दोन, एवढा फरक. वखारीत एवढं तरी शिकवलं असेल असं मी धरून चालतो.

तू गेलास तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास आणि मी बारा. आज मी बेचाळीस वर्षांचा आहे. कानाजवळचे केस पिकलेत, दूरचं दिसतं आणि जवळचं दिसत नाही, तरी थोरला तूच आणि धाकटा मीच. हे गणित मला कधी सुटलं नाही.

मानमोडीच्या तापाचं साल तुला सांगायला नको, ते तूच घरी आणलंस. शहापुराहून चालत आलास, ओट्यावर बसलास आणि म्हणालास, मान दुखतेय. तिसऱ्या दिवशी आई पडली, चौथ्या दिवशी मी. गावात ज्यांत चूल पेटत होती अशी घरं बोटावर मोजण्याइतकी राहिली. मी लवकर उठलो, कारण लहान पोरांना तो ताप हलका यायचा. तुझ्यासारख्या तरण्या, धडधाकट पोरांना तो सोडत नव्हता. सहाव्या दिवशी पहाटे तू गेलास. रान तर आपल्या दारापर्यंत येऊन उभं होतं, पण लाकूड तोडायला उभा राहील असा माणूस गावात उरला नव्हता. गावचा सुतार तुझ्या आधी दोन दिवस गेला होता. बानं मग घराचं दार उतरवलं. आजोबांच्या वेळचं, सागाचं, वर-खाली लाकडाच्या कुसवांवर फिरणारं दार. ते, माळ्याच्या दोन फळ्या आणि असतील तेवढ्या गोवऱ्या. त्यावर तू गेलास. म्हणून मी सुतार झालो, दादा. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो की मला पहिल्यापासून लाकडाची आवड. खरं असं की पुढचे सात महिने आपल्या चौकटीत गोणपाट लटकत होता आणि गावात दार करणारा कोणी नव्हता. सुताराच्या बायकोनं मला त्याची हत्यारं दिली, मी पहिलं दार केलं, ते उंबऱ्यापासून दोन बोटं वर राहिलं आणि खालून कोंबड्या आत यायच्या. आई म्हणाली, "थोरला असता तर त्यानं नीट केलं असतं." मी बारा वर्षांचा होतो. दुसरं दार मी सतरा वर्षांचा असताना केलं, तिसरं सव्विसाव्या वर्षी, आणि या तिसऱ्यातून वाऱ्याची झुळूकही आत येत नाही.

आई त्या तापातून उठली, पण उठायला महिना लागला. तुझं तिला बानं दहाव्या दिवशी सांगितलं. तिनं तुझं सगळं केलं, रडली, आणि मग इतर बायांसारखीच कामाला लागली. वीस वर्षं ती तू मेलास हे जाणून होती. दरवर्षी पितृपक्षात तुझं पान वाढायची आणि आलेल्या बायकांना एक गोष्ट सांगायची: "आमचा थोरला मला सांगून गेला हो. मी तापात होते, उठता येत नव्हतं. दारातून म्हणाला, आये, येतो. तेवढं तरी माझ्या वाट्याला आलं." बाया डोळ्याला पदर लावायच्या. मी बाहेर पडवीत रंधा मारत असायचो. रंध्याचा आवाज मी त्या वेळी जरा वाढवायचो, हे आता लिहितो.

मग दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी तिला विसर पडायला लागला. साठीही आली नव्हती. आधी आमटीत मीठ दोनदा, मग अजिबात नाही. मग विहिरीवर जायची आणि रिकामी कळशी घेऊन यायची. एकदा वैशाखऱ्याच्या रस्त्यावर सापडली. तिथलं माहेर केव्हाच मोडलं होतं, तरी भावाला भेटायला निघाले होते म्हणाली. आम्ही म्हातारपण समजलो. आणि एक दिवस दिवेलागणीला मी दाराला अडसर घालत होतो. तुला माहीत नाही, या तिसऱ्या दाराचा अडसर मी ऐनाच्या लाकडाचा केलाय, हाताएवढा जाड, भिंतीतल्या खोल खोबणीतून एका हातानं सरकतो. आईनं माझं मनगट धरलं. "सुतार," ती म्हणाली, "अडसर नका लावू. माझा थोरला यायचा हाय."

मला वाटलं ती थट्टा करते. तिनं उभ्या आयुष्यात थट्टा केली नव्हती, तरी मला तसंच वाटलं. मी म्हणालो, आये, मी आहे. ती म्हणाली, "हो, तुमी बसा ना. काम झालं असंल तर पेज घ्या." दादा, या गावानं मला सुतार म्हणावं यासाठी मी पंधरा वर्षं घासली. जातीचा नसलेल्याला ते नाव फुकट मिळत नाही. पहिल्यांदा टोकावड्याच्या एका माणसानं मला बाजारात "ओ सुतार" म्हणून हाक मारली तेव्हा मी घरापर्यंत चालत नव्हतो, उडत होतो. तेच नाव आईच्या तोंडून आलं. वर तुमी. आणि माझं नाव कुठं गेलं ते शोधायला मला जागा नव्हती. मी हरवलो नव्हतो, विसरला गेलो नव्हतो. तिच्या लेखी तो बारा वर्षांचा पोर आत तापात पडला होता, आणि मी बाहेरून आलेला कारागीर होतो. त्या साली जे घडलं त्यातलं तिला सगळं आठवायचं, फक्त शेवट आठवायचा नाही. ताप आहे, पेज शिजवायची आहे, धाकटा आत झोपलाय, थोरला बाहेर गेलाय आणि येतो म्हणालाय. मी पटाशी घेऊन दाराजवळ बसलो की ती धावत यायची, दोन्ही हातांनी फळी धरायची. "दार नेऊ नका हो. दुसरं कुणाचं न्या."

तुझ्या भावजयीला हे माझ्याआधी जमलं. तिला आई तुझ्यासाठी बघायला आणलेली मुलगी समजायची. तिचा हात हातात घेऊन आल्यागेल्याला दाखवायची, कामसू हाय, थोरल्याला शोभंल. मी एकदा चिडलो, तर ही म्हणाली, "चिडता कशाला? तीन पोरं झाली आणि लगीन अजून लागायचं हाय, असं नशीब कुणाचं असतं?" आणि आईला म्हणाली, "आत्या, नवरा मुलगा दिसायला कसा हाय पण?" आईनं तुझं वर्णन केलं. पाऊण तास केलं. तुझी उंची मला दाराच्या चौकटीवर मोजून दाखवली. मला माहीत आहे तू किती उंच होतास, मी तुझ्याहून दीड बोट उंच आहे. ते मी बोललो. ही माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, मेलेल्या माणसाशी उंची मोजता होय. मी उठून पडवीत गेलो.

अडसर लावायचा नाही म्हटल्यावर ती बाहेर जाईल ही भीती. म्हणून मी एक काम केलं. या दाराच्या कुसवात मी दर महिन्याला तेल घालायचो. दार वाजणं म्हणजे सुताराची अब्रू जाणं. ते तेल मी बंद केलं. खालचं कुसू राखेनं पुसून कोरडं केलं, की दार हललं तर करकर वाजावं आणि आम्हाला कळावं. मुद्दाम वाईट काम मी जन्मात दोनदा केलं, दोन्ही वेळा तुझ्यापायी. हे पहिलं.

दुसरं तुझ्या पाटाचं. आई रोज जेवताना तुझा पाट मांडायची, त्यासमोर पान वाढायची, आणि मी जमिनीवर बसायचो, कारण सुताराला पाट द्यायची पद्धत तिच्या घरात नव्हती. पाट डुगडुगायचा. पेजेची वाटी त्याच्या कडेला ठेवली की टकटक आवाज यायचा. वीस वर्षं मी तो आवाज ऐकत होतो आणि वीस वर्षं ती मला हात लावू देत नव्हती. एक दिवस ती अंगणात उन्हाला बसली असताना मी तो उचलला. आखूड पायाखाली शिसवाचीच चकती बसवली, दोन सूत, अशी की तुझ्या वखारीतल्या मालकालासुद्धा सांधा सापडला नसता. ठेवला. बोटानं दाबून बघितला, चारी पाय जमिनीला. मला फार बरं वाटलं, दादा, खोटं कशाला बोलू. तुझी चूक मी सुधारली होती. दुपारी आईनं पाट मांडला, त्यावर हात ठेवून एका बाजूला दाबलं. पुन्हा दाबलं. मग तिनं पाट उचलून मला दिला. "ह्यो तुमचा दिसतोय, सुतार. आमचा कुठाय?" आम्ही तोच म्हणून किती सांगितलं. ती घरभर शोधत फिरली, चुलीमागे, गोठ्यात, भाताच्या पेटीत. दोन दिवस जेवली नाही, पाटावाचून थोरल्याला कशावर बसवू म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ती चकती काढली. पाट मांडला, तिनं दाबला, तो डुगडुगला, आणि ती हसली. माझ्या सगळ्या वस्तूंपैकी एकीलाही बघून ती तशी हसलेली नाही. अकरा गाड्या, चौदा पेट्या. एकीलाही नाही.

आता जे लिहायचं ते मला लिहावंसं वाटत नाही. मी तिला खरं सांगितलं होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला अक्कल नव्हती. ती दारात उभी, तू का आला नाहीस म्हणून विचारतेय, आणि मी म्हणालो, आये, दादा मेला, मानमोडीत मेला, वीस वर्षं झाली. मला वाटलं तिला आठवेल. तिला आठवलं नाही, कळलं. आत्ता, या क्षणी कळलं. तिनं छाती बडवून घेतली, उंबऱ्यावर कपाळ आपटलं, शेजारच्या बाया धावत आल्या. दुसऱ्या दिवशी सगळं पुसलं गेलं होतं आणि ती पुन्हा दारात उभी होती. यातून शहाण्या माणसानं शिकायला हवं. मी शिकलो. पुरेपूर शिकलो. मला पक्कं ठाऊक होतं की हे सांगितलं तर तिच्यासाठी तू पुन्हा पहिल्यांदा मरणार. आणि पाटाचं प्रकरण झालं त्याच्या पंधरा दिवसांनी मी तिला दुसऱ्यांदा सांगितलं. जाणूनबुजून. ती म्हणाली होती, "सुतार, तुमचं काम बरं हाय, पण आमच्या थोरल्याच्या हाताची सर नाय." मी रंधा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणालो, तुमचा थोरला मेलाय. 'तुमचा' म्हणालो. आपल्याच आईला.

ती या वेळी ओरडली नाही. खाली बसली आणि मला समजावायला लागली, लहान पोराला समजावतात तसं. "नाय हो. मेला असता तर सांगून कसा गेला असता? मी आत पडले होते. पावलं वाजली, दार काढल्यागत आवाज झाला. मी विचारलं, कोण चाललं रे? तर म्हणाला, आये, येतो. जाणारा माणूस कधी येतो म्हणंल काय?"

आता खरं काय ते ऐक. ते तुला सांगण्यासाठीच हे पत्र. ते तू म्हणाला नव्हतास, दादा. तू दारावरच पडला होतास, उतरवलेल्या दारावर. बा एका टोकाला, शेजारचा एक म्हातारा दुसऱ्या टोकाला, आणि मी उंबऱ्यात. आतून आईनं विचारलं, कोण चाललं रे? बा थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि ओठांनी म्हणाला, "तू बोल. तिला कळलं तर ती पण जाईल." माझा घसा तापानं बसला होता. पोराचा आवाज राहिला नव्हता, जाड, घोगरा, तुझ्यासारखा लागत होता. आपल्याकडे घराबाहेर पडणारा जातो म्हणत नाही. जातो म्हटलं की आई तोंडावर हात ठेवते. म्हणून माझ्या तोंडून तेच आलं जे रोज यायचं. आये, येतो. ती म्हणाली, ये. मग बानं पाऊल उचललं.

ते वाक्य माझं आहे. वीस वर्षं पितृपक्षात तिनं सांगितलेली गोष्ट माझी आहे. ती ज्या एका शब्दावर जगली, आणि सगळं विसरल्यावरही ज्या शब्दाला धरून दारात उभी राहिली, तो मी केलेला आहे, या तोंडानं, बाराव्या वर्षी. माझ्या हातून झालेलं सगळ्यांत टिकाऊ काम ते. आणि त्यावर नाव तुझं. बा जिवंत होता तोवर मी बोलू शकत नव्हतो. नंतर बोललो असतो, तर तिच्या वाट्याला आलेलं तेवढंही गेलं असतं. त्या दिवशी पडवीत मात्र ते माझ्या अगदी जिभेवर आलं. तिला सांगावं की तो मी होतो. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या सगळ्या चांगुलपणाचा एवढाच पुरावा माझ्याकडे आहे.

त्याच आठवड्यात मी तिला गाडीत घालून शहापूरला नेलं. मुरबाडपासून तो रस्ता तुझ्या चालण्याचा. ती गाडीत उभी राहून प्रत्येक येणाऱ्याकडे बघत होती. वखारीजवळून गेलो तेव्हा लाकडाच्या भुशाचा वास आला आणि तिनं मला गाडी थांबवायला लावली. करवतीवर दोन पोरं होती, उघडी, घामाघूम. ती बघत राहिली. मग म्हणाली, "सुट्टी झाली नाय वाटतं अजून त्याची." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, मला बाहेर बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला की त्या सालच्या तापात ही किती दिवस बेशुद्ध होती. मी सांगितलं. ते म्हणाले की अशा आणखी काही बाया-बाप्ये त्यांनी पाहिलेत, ज्यांच्या डोक्यातलं बाकी सगळं विझलं आणि ते एकच वर्ष पेटतं राहिलं. तापानं तेव्हा आत काही बिघडवलं, की दुःखानं, की नुसतं वय झालं, हे त्यांना सांगता येत नाही. "ताप गेला ते नाडीवरून कळतं," ते म्हणाले, "काय ठेवून गेला ते नाडी सांगत नाही." औषध विचारलं तर नाही म्हणाले. असा सरळ नाही म्हणणारा माणूस मला आवडतो. मी त्यांना दुसऱ्यांदा खरं सांगितल्याचं कबूल केलं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांना लावला. मग म्हणाले, "तिला खोडू नका. ती तुमचं काय नेते? दार उघडं ठेवा, झालं."

दार उघडं ठेवलं. पुढची सगळी लढाईची वर्षं ठेवलं. तांदूळ मिळेनासा झाला, रॉकेल मिळेनासं झालं, गावात भुरट्या चोऱ्या झाल्या, आणि या गावातलं सगळ्यांत मजबूत दार, ज्याचा अडसर हाताएवढा जाड, रोज नुसतं लोटलेलं. लोक हसायचे. सुताराच्या घराला अडसर आहे तो दाखवायला.

शेवटच्या थंडीत ती उठेनाशी झाली. बोलणं जवळजवळ थांबलं. एकदा दिवेलागणीच्या आधी मी गोठ्याकडे निघालो होतो. दार ओढलं, ते वाजलं, आणि आतून, कित्येक दिवसांनी, स्पष्ट आवाज आला: "कोण चाललं रे?"

मी उंबऱ्यात उभा होतो, दादा. त्याच उंबऱ्यात, तेवढा एक जुनाच राहिलाय. मी विचार केला नाही. म्हणालो, "आये, येतो."

"ये," ती म्हणाली.

मी ओट्यावर गेलो. गोठ्याकडे गेलोच नाही. खांबाला धरून उभा राहिलो, किती वेळ ते मला सांगता येत नाही, आणि ज्या माणसाला दोन सूत सांगता येतात त्यानं हे म्हणणं म्हणजे काय ते तू समज. मग आत आलो. दार वाजलं. तिच्या अंथरुणाशी बसलो आणि म्हणालो, "आलो, आये." तिनं हात वर केला, माझ्या गालावर ठेवला, दाढीच्या खुंटावरून फिरवला, कपाळापर्यंत नेला. "उशीर केलास रे," ती म्हणाली. "जेव आता." तुझी भावजय चुलीपुढे बसली होती. ती उठली आणि तिनं पाट मांडला. तुझा. मी त्यावर बसलो. पहिल्यांदाच. तो माझ्याखाली डुगडुगला आणि आईनं डोळे मिटले. त्यानंतर ती चार दिवस होती, बोलली नाही.

सुताराला ती तुमी म्हणायची. त्या दिवशी तिनं रे म्हटलं. त्या एका रे-मध्ये तू किती होतास आणि मी किती, हे मोजायला माझ्याकडे माप नाही. पूर्वी मी म्हणालो असतो की सगळा तू. आवाज माझा होता, गाल माझा होता, उशीरही माझाच होता, तरी नाव तुझं असणार म्हणून मी जळलो असतो. आजही जळतो, थोडा. ती जाऊन चार वर्षं झाली, आणि आजही पितृपक्षात तुझं पान वाढताना मी भात तुझ्या पानात आईच्या पानापेक्षा चिमूटभर कमी वाढतो. हे कोणाला दिसत नाही. तुला सांगून ठेवतो.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि मी ते कोणाला वाचूनही दाखवणार नाही. घडी घालून भिंतीतल्या खोबणीत सारतो, जिथं अडसराचं टोक बसायला हवं तिथं. म्हणजे आता तो लागायचाही नाही. आई गेल्यावर लावीन असं मी म्हणत होतो. पहिल्या संध्याकाळी हात घातला, अर्धा सरकवला आणि परत ओढला. ही म्हणाली, "आता कुणाची वाट?" मी म्हणालो, सवय. 'येतो' मी म्हटलं होतं आणि ते तुझ्या तोंडचं म्हणून ठरलं. तेव्हा तुझ्या वतीनं दिलेला शब्द मीच मोडू कसा?

मागच्या महिन्यात मुरबाडचा एक लाकडाचा व्यापारी गाडीचं काम घेऊन आला होता. नवं घर बांधतोय. त्यानं दाराकडे बघितलं, फळ्यांचे सांधे नखानं तपासले, खोबणीत बोट घातलं आणि म्हणाला, अडसराच्या घासल्याची खूण जुनी दिसते, बरीच वर्षं लावलाच नाही की काय? चौकटीसकट, उंबऱ्यासकट मागितलं. रोख दोनशे चाळीस रुपये देतो म्हणाला. मी नाही म्हटलं.